शुक्रवारी क्रॉयडन, सोमवारी ऑफिस: कुक बहिणींचं प्रकरण

१९३७ पासून ऑगस्ट १९३९ पर्यंत लंडनच्या दोन बहिणी, लुईस आणि आयडा कुक, शनिवार-रविवारची सुट्टी साधून पुन्हा पुन्हा नाझी जर्मनीत जात होत्या. सांगायला कारण ऑपेराचं होतं, काम मात्र ज्यू कुटुंबांना तिथून बाहेर काढण्याचं. त्यांना कोणत्या संस्थेने पाठवलं नव्हतं आणि तिकिटाचे पैसेही कोणी देत नव्हतं. युद्ध पेटेपर्यंत २९ माणसं त्यांच्या खटपटीतून सुटली.

या गोष्टीला शौर्यकथेचा मुलामा सहज चढतो. मला तिच्यात रस आहे तो कामाच्या रीतीसाठी. आपल्याकडून आज बरीच तरुण मुलं भावाला किंवा बहिणीला बरोबर घेऊन परदेशात सेवाकार्याला जातात. घरच्यांच्या लेखी त्या जोडीचा अर्थ एवढाच असतो, की ‘सोबत आहे ना, मग काळजी नाही’. कुक बहिणींच्या बाबतीत ही जोडी सोबतीपुरती नव्हती, काम तिच्यावरच उभं होतं. ते कसं, हे नीट पाहण्यासारखं आहे.

माणसं

लुईसचा जन्म १९०१ चा, आयडाचा १९०४ चा, दोघी सुंदरलंडच्या. वडील कस्टम्स आणि एक्साइज खात्यात अधिकारी होते. (पुढे मुलींनी जे केलं ते पाहता हा तपशील गमतीचा आहे.) दोघी सरकारी खात्यात कारकुनी करायला लागल्या आणि आईवडिलांसोबत लंडनच्या वाँड्सवर्थ भागात राहायच्या. लग्न दोघींनीही केलं नाही. दिसायला साध्या, कपडे घरी शिवलेले. गर्दीत कोणी दुसऱ्यांदा वळून पाहणार नाही अशा.

वेड एकच होतं, ऑपेराचं. १९२३ मध्ये लुईस संगीतावरचं एक व्याख्यान ऐकून भारावल्यासारखी घरी आली आणि लवकरच घरात ग्रामोफोन आला. मग अमेलिता गॅली-कुर्ची या गायिकेला प्रत्यक्ष ऐकायचं म्हणून दोघींनी दोन वर्षं दुपारच्या जेवणाला कात्री लावून पैसे साठवले आणि तिसऱ्या वर्गाने जहाजातून न्यूयॉर्क गाठलं. ही वरवर छंदाची गोष्ट पुढच्या सगळ्या कामाचा पाया ठरली. तुटपुंज्या पगारात लांबचा प्रवास कसा बसवायचा, रांगेत तासन्‌तास कसं उभं राहायचं, मोठ्या कलावंतांशी कसं बोलायचं, हे त्या ऑपेराच्या नादात शिकल्या. जर्मनीत जाण्याचं कारण त्यांना नव्याने शोधावं लागलं नाही. ते आधीपासून होतं आणि खरं होतं.

आयडा पुढे नोकरी सोडून मासिकात लिहू लागली आणि १९३६ मध्ये मेरी बर्चेल या टोपणनावाने मिल्स अँड बून या प्रेमकथा छापणाऱ्या प्रकाशनासाठी तिची पहिली कादंबरी आली. अशा शंभरावर कादंबऱ्या तिने लिहिल्या. सर्क्युलेटिंग लायब्ररीतून मिल्स अँड बून आणून अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी बायकांच्या हातून मेरी बर्चेल गेली असेल. ही बाई कोण होती, याचा पत्ता मुखपृष्ठावरून लागणं शक्य नव्हतं.

काम अंगावर कसं आलं

ठरवून आलं नाही. १९३४ मध्ये दोघी ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या संगीत महोत्सवाला गेल्या होत्या. तिथे ऑपेराच्या वाद्यवृंदाचे संचालक क्लेमेन्स क्राउस आणि गायिका व्हियोरिका उर्सुलियाक यांच्याशी ओळख वाढली. ‘आमची एक मैत्रीण लंडनला येते आहे, तिच्याकडे जरा लक्ष द्या,’ असं त्यांना सांगण्यात आलं. ही मैत्रीण म्हणजे फ्रँकफर्टच्या मिटिया मायर-लिसमान, महोत्सवात ऑपेरावर व्याख्यानं देणाऱ्या विदुषी. बहिणींनी त्यांना आनंदाने लंडन दाखवलं. त्या ज्यू आहेत हे बोलता बोलता कळलं, आणि कळूनही त्याचा अर्थ दोघींच्या डोक्यात शिरला नाही. जर्मनीत ज्यू असणं म्हणजे काय, ते मिटियाबाईंनी हळूहळू उलगडून सांगितलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बहिणी ‘कोणाची तरी मदत करायची आहे’ म्हणून निघाल्या नव्हत्या. एका ओळखीच्या बाईची अडचण समोर आली आणि ती सोडवता सोडवता दुसरी, तिसरी येत गेली. १९३८ च्या मार्चमध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला, नोव्हेंबरमध्ये सिनेगॉगं (ज्यूंची प्रार्थनास्थळं) जाळली गेली, दुकानं फोडली गेली, हजारो ज्यू पुरुषांना छळछावण्यांत टाकलं गेलं. मग तर पत्त्यांचा आणि विनवण्यांचा ओघच लागला.

अडचण नेमकी कुठे होती

आज वाचताना वाटतं, अडचण सीमेवर असणार. पहारेकरी, गेस्टापो, कुत्री. प्रत्यक्षात पहिली भिंत कागदांची होती आणि ती लंडनमध्ये होती.

ब्रिटनमध्ये येऊ पाहणारा निर्वासित सरकारवर भार होणार नाही, याची हमी एखाद्या ब्रिटिश नागरिकाने द्यावी लागे. मुलांसाठी ती मोठी होईपर्यंत सांभाळण्याची हमी. बायकांना घरकामाची नोकरी मिळाली तर व्हिसा मिळू शके, त्यामुळे डॉक्टरांच्या आणि प्राध्यापकांच्या बायका धुणीभांडी करायला तयार होऊन येत. प्रौढ पुरुषांचं सर्वांत कठीण. त्यांनी पुढे दुसऱ्या देशात, बहुधा अमेरिकेत, जायची सोय दाखवायची आणि तिथल्या व्हिसाच्या रांगेतला नंबर लागेपर्यंतच्या खर्चाची हमी कोणीतरी द्यायची. (हिंदुस्थानातही ब्रिटिश सरकारची चाल वेगळी नव्हती. मुंबईत येणाऱ्या ज्यू निर्वासितांसाठी तिथल्या ज्यू रिलीफ असोसिएशनने अशीच हमी घेतली. आकाशवाणीची ओळखधून ज्यांच्या नावावर सांगितली जाते ते वॉल्टर कॉफमन १९३४ मध्ये मुंबईत आले होते.)

दुसरी भिंत जर्मनीची. ज्यूंनी देश सोडावा असं तिथल्या सरकारला वाटत होतं, पण हात हलवत. देश सोडण्यावर कर होता, मालमत्तेचा चौथा हिस्सा. बाकीचं बँकेत अडकायचं, आणि शेवटी खिशात घालून न्यायला परवानगी १० राइशमार्कची. म्हणजे काल-परवापर्यंत सुस्थितीत असलेलं कुटुंब ब्रिटनच्या दारात कफल्लक होऊन उभं राहणार, आणि कफल्लक आहे म्हणूनच ब्रिटन त्याला आत घेणार नाही.

कुक बहिणींचं काम या दोन नियमांच्या फटीत होतं. त्या कुटुंबाचे दागिने किंवा फरचे कोट आधीच लंडनला पोचले, तर ते विकून हमीची रक्कम उभी राहू शके. जर्मनीतून मौल्यवान वस्तू नेण्याची ज्यूंना बंदी होती. एखादी इंग्रज बाई अंगावर दागिने घालून आपल्या घरी चालली असेल, तर तिला काय विचारणार?

परदेशी स्वयंसेवकाच्या बाबतीत मला नेहमी पडणारा प्रश्न असा, की तिथल्या माणसाला जमणार नाही असं हा तिथे जाऊन काय करणार आहे. बऱ्याचदा उत्तर ‘काही नाही’ असंच येतं. विटा रचणं, मुलांना इंग्रजी गाणी शिकवणं तिथल्या कोणालाही येतं. या बहिणींपुरतं उत्तर अगदी नेमकं होतं: ब्रिटिश पासपोर्ट आणि त्याच्याखाली झाकला जाणारा दागिना. त्यांनी जर्मनीत याहून फारसं काही केलं नाही. बाकीचं नव्वद टक्के काम लंडनमध्ये टेबलावर बसून झालं.

शुक्रवार ते सोमवार

शुक्रवारी संध्याकाळी लुईसचं ऑफिस सुटलं की क्रॉयडनच्या विमानतळावरून कोलोनचं विमान, तिथून रात्रीची गाडी पकडून फ्रँकफर्ट. जाताना अंगावर काहीच नाही, मनगटावर घड्याळसुद्धा नाही. शनिवार-रविवार लोकांना भेटायचं. रविवारी परतीचा रस्ता वेगळा: गाडीने हॉलंड, तिथून रात्रीच्या बोटीने हार्विच, आणि सोमवारी सकाळी लुईस वेळेवर ऑफिसात हजर. रस्ता बदलण्याचं कारण साधं होतं. लंकेच्या पार्वती होऊन आलेल्या बायका परतताना मढून निघाल्या आहेत, हे एकाच नाक्यावरच्या एकाच माणसाच्या डोळ्यांवर यायला नको.

बारकावे वाचताना मजा येते, कारण ते बायकांनाच सुचण्यासारखे आहेत. फरच्या कोटाला आतून जर्मन दुकानाचं लेबल असतं. आयडा लंडनच्या दुकानांची लेबलं बरोबर घेऊन जायची आणि जुनी उसवून ती टाचायची. टोचलेल्या कानात घालायची कर्णभूषणं त्या घेत नसत, कारण दोघींचेही कान टोचलेले नव्हते. आपल्याकडे बारशाच्या सुमारासच कान टोचले जातात, त्यामुळे ही अडचण आपल्या लक्षातही येणार नाही. एखाद्या चाणाक्ष शिपायाच्या मात्र आली असती. एकदा हिऱ्यांचा एक भला मोठा ब्रोच न्यायचा होता. आयडाने तो आपल्या स्वस्तातल्या लोकरी स्वेटरवर सरळ समोर लावला. असल्या स्वेटरवर खरे हिरे कोण लावेल? पाहणाऱ्याला तो वुलवर्थसारख्या स्वस्त दुकानातला काचेचा वाटावा, हा हिशेब, आणि तो बरोबर निघाला.

कोणी अडवलंच तर काय सांगायचं तेही ठरलेलं होतं. आम्ही दोघी बहिणी, घरच्यांवर आमचा भरवसा नाही, म्हणून दागिने कुठेही गेलो तरी बरोबर बाळगतो. हे सोंग वठवायला फार अभिनय लागत नव्हता. लग्न न झालेल्या, तिशी ओलांडलेल्या, जराशा विक्षिप्त इंग्रज बहिणी हा त्या काळी सगळ्यांच्या ओळखीचा नमुना होता. लोक ज्या गोष्टीवरून त्यांना मनातल्या मनात हसले असते, तीच त्यांनी ढाल म्हणून वापरली.

राहायला त्या कधीकधी मुद्दाम मोठ्या हॉटेलांत उतरत, बर्लिनचं अॅडलॉन किंवा म्युनिकचं फिअर यारेसत्सायटन. तिथे नाझी पुढाऱ्यांची ये-जा असे. लॉबीत उभं राहून त्यांच्याकडे कौतुकाने बघत राहिलं की आणखी दोन बावळट चाहत्या म्हणून लोक दुर्लक्ष करत, असं आयडाने पुढे लिहिलं आहे.

लुईसने या कामासाठी जर्मन शिकून घेतलं.

हो आणि नाही

फ्रँकफर्टमधल्या भेटी कोणाच्या तरी घरात व्हायच्या. एकामागून एक माणूस येऊन बसायचा: वय, धंदा, अमेरिकेचा नंबर कितवा, ब्रिटनमध्ये कोणी नातेवाईक आहे का, विकण्यासारखं काय आहे. बहिणी ऐकायच्या, टिपून घ्यायच्या. बऱ्याच जणांना ‘आमच्याच्याने होणार नाही’ असं तोंडावर सांगावं लागायचं.

माझ्या मते या सगळ्यातलं सर्वांत जड काम हेच. सीमेवरचा धोका काही मिनिटांचा असतो. समोर बसलेल्या माणसाला नाही म्हणून सोमवारी ऑफिसात जाणं ही दर खेपेची गोष्ट होती. दोघींच्या स्वतःच्या हमीची ऐपत लवकरच संपली. मग आयडा चर्चमधल्या सभांत बोलू लागली, ओळखीपाळखीच्यांना गाठू लागली. एकजण सही करायला तयार पण पैसे नाहीत. दुसऱ्याकडे आठवड्याला थोडे पैसे आहेत पण सहीला घाबरतो. तिसऱ्याकडे रिकामी खोली आहे. असे तुकडे जोडून त्या एक हमी उभी करायच्या. हे गोधडीचं काम होतं आणि त्याला टाके घालायला चिकाटी लागते, धाडस नव्हे.

या निवडीत एक उणीव आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. नावं ओळखीतून येत होती. क्राउस, उर्सुलियाक, मायर-लिसमान, मग त्यांचे परिचित, मग परिचितांचे परिचित. म्हणजे मुख्यतः शिकलेली, शहरी, संगीताच्या वर्तुळाशी या ना त्या धाग्याने जोडलेली माणसं. गावाकडचा गरीब ज्यू गुरांचा व्यापारी या साखळीत कसा येणार? १९३३ मध्ये जर्मनीत सुमारे ५ लाख ज्यू होते. त्याच सुमाराला संघटितपणे चाललेल्या किंडरट्रान्सपोर्टने जवळजवळ १०,००० मुलं ब्रिटनला आणली. त्या आकड्यापुढे २९ काहीच नाही. पण किंडरट्रान्सपोर्ट फक्त मुलांसाठी होतं. आईबाप मागे राहिले आणि त्यातले बहुतेक मारले गेले. कुक बहिणींच्या यादीत प्रौढ होते, अख्खी कुटुंबं होती. मिटियाबाईंची मुलगी एल्झा मायर-लिसमान लंडनमध्ये रुजली आणि पुढे तिने तिथे नव्या गायकांसाठी ऑपेराची कार्यशाळा उभी केली.

दोघी बहिणी नसत्या तर

पैशाचं आधी. आयडाच्या कादंबऱ्या चालू लागल्या होत्या आणि आयुष्यात पहिल्यांदा हातात बरा पैसा आला होता. तो या कामात गेला. लंडनच्या डॉल्फिन स्क्वेअरमध्ये आयडाने एक फ्लॅट घेतला होता. ऑपेराच्या मैत्रिणी जमवून रात्र रात्र रेकॉर्डी ऐकायच्या, ही त्यामागची कल्पना. तिथे निर्वासित राहू लागले. या पदरमोडीला दोन मैत्रिणींच्या नात्यात हिशेब लागला असता, नवराबायकोच्या नात्यात मुलांचं काय हा प्रश्न आला असता. इथे एक बहीण लिहून कमावते, दुसरी नोकरीतून, घर आईवडिलांचं, खर्च एकाच थैलीतून. कोणी कोणाला किती दिले याची वही ठेवण्याची गरजच नव्हती.

घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्यांना घरातूनच आधी विरोध होतो, हा आपला अनुभव. इथे घरातली निम्मी माणसंच त्या कामात होती आणि उरलेल्या आईबापांनी मोडता घातला नाही.

कामाची वाटणी स्वभावानुसार पडली. आयडा बोलकी, धिटाईची, लोकांना भरीस घालणारी. लुईस शांत, भाषा येणारी, कागद नीट ठेवणारी. लुईसच्या नोकरीमुळे प्रवास सुट्टीच्या चौकटीत बसवावा लागे, आणि ही अडचण त्यांच्या पथ्यावर पडली: जी बाई सोमवारी ऑफिसात असते तिच्यावर संशय कोण घेणार? शिवाय दोघींची कहाणी पढवावी लागत नव्हती. दोन अनोळखी स्वयंसेवकांना वेगवेगळं बसवून चौकशी केली असती तर बालपणापासूनच्या प्रश्नांत कुठेतरी विसंगती निघाली असती. बहिणींचं बालपण एकच होतं.

याची दुसरी बाजूही आहे. एकीला पकडलं असतं तर दुसरीही गेली असती, आणि म्हाताऱ्या आईबापांच्या दोन्ही मुली एकाच वेळी जर्मन तुरुंगात. भावंडांना बरोबर पाठवताना ‘सोबत आहे’ म्हणणाऱ्या घरांनी हा हिशेबही मांडायला हरकत नाही.

क्राउसचं काय करायचं

या प्रकरणातला सर्वांत अवघड माणूस क्लेमेन्स क्राउस. नाझी राजवटीत त्याची भरभराट झाली. ज्या जागांवरून इतर संगीतकार नाझींमुळे हटले किंवा हटवले गेले, त्या जागा त्याने घेतल्या: १९३३ मध्ये ड्रेस्डेनला फ्रिट्झ बुश यांच्या जागी संगीतकार रिचर्ड स्ट्राउसच्या नव्या ऑपेराचं संचालन, १९३५ मध्ये एरिख क्लायबरने राजीनामा दिल्यावर बर्लिनचं ऑपेरागृह, १९३७ मध्ये म्युनिकचं. हिटलरच्या मर्जीतला माणूस म्हणून तो ओळखला जाई.

आणि हाच माणूस कुक बहिणींना विचारायचा, पुढच्या कोणत्या तारखांना यावं लागणार आहे? मग त्या तारखांना त्यांच्या आवडीचा खेळ लावायचा. त्यामुळे सीमेवर कोणी विचारलं तर बहिणी खरंखुरं उत्तर देऊ शकत: अमुक ऑपेरा, अमुक गायिका, संचालक क्राउस. तिकीट हातात. मदतीच्या गरजेतल्या लोकांची नावंही त्याच्याकडून आणि उर्सुलियाककडून येत.

युद्धानंतर नाझींशी असलेल्या संबंधांमुळे क्राउसवर काही काळ बंदी आली, १९४७ मध्ये ती उठली. बहिणी त्याच्याशी शेवटपर्यंत कृतज्ञ राहिल्या. १९६० च्या दशकाच्या मध्यावर इस्रायलच्या याद वाशेम या ज्यू-संहाराच्या स्मारकसंस्थेने त्या दोघींना सन्मानित केलं, ज्यूंना वाचवणाऱ्या बिगर-ज्यूंच्या यादीत त्यांची नावं गेली. क्राउस १९५४ मध्येच मेक्सिको सिटीत वारला होता.

त्याच्याविषयी बहिणींइतकं कृतज्ञ मला होता येत नाही. त्याने केलेली मदत खरी, आणि दुसऱ्यांच्या जाण्याने रिकाम्या झालेल्या खुर्च्यांवर तो बसला हेही खरं. एकाने दुसरं पुसलं जात नाही. पण तो त्या खुर्चीत नसता तर खेळांच्या तारखा त्याच्या हातात नसत्या, आणि तारखा हातात नसत्या तर दोन साध्या इंग्रज बायकांना म्युनिकला वारंवार यायला इतकं निर्वेध कारण मिळालं नसतं. बहिणींनी हा प्रश्न सोडवायचा प्रयत्न केल्याचं दिसत नाही. त्यांना पुढच्या आठवड्याची तारीख हवी होती, ती त्याच्याकडे मिळत होती.